पहिली टाक, दुसरी ठेव

आमच्या लॅबमध्ये निरोगी रक्त बाहेरून येत नाही. ते आमचंच असतं. रुग्णांच्या नळ्यांशी तुलना करायला एक तरी धडधाकट माणसाची नळी लागते. तिला कंट्रोल म्हणतात. रीतसर संमती देऊन आमच्यापैकीच कोणीतरी बाही वर करतं. मी नेहमी पुढे असायचे. सुई बघून घाम फुटणारे मोठमोठे डॉक्टरेटवाले मी पाहिले आहेत, त्यामुळे या बाबतीत मला जरा घमेंडच होती.

त्या मार्चमध्ये कंट्रोल मी होते. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. पण त्या आठवड्यात रक्त माझ्या एकटीचंच होतं, आणि मायक्रोस्कोपवर बसणारीही मीच. माझं रक्त मीच बघत होते.

काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कर्करोगाची गाठ एका जागी बसलेली असते, पण तिच्यातल्या काही पेशी सुटतात आणि रक्ताबरोबर शरीरभर हिंडायला लागतात. त्या फार थोड्या असतात. रक्तातल्या गर्दीत त्या शोधायच्या म्हणजे सणाच्या तोंडावर लखनौच्या अमीनाबाद बाजारात शिरायचं आणि कधी न पाहिलेला एक चेहरा शोधायचा. म्हणून आम्ही रक्त आधी एका फार बारीक चाळणीतून जाऊ देतो. रक्ताच्या लहान पेशी गळून जातात, मोठ्या वर अडकतात. अडकलेल्यांना मग रंग द्यायचे. पेशीच्या गाभ्याला निळा. शरीराच्या अस्तराच्या पेशींत एक प्रथिन असतं, त्याला हिरवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना लाल. निळा गाभा, हिरवं अंग आणि लाल अजिबात नाही, अशी पेशी दिसली की समजायचं, ही रक्तातली नव्हे, दुसरीकडून आली आहे. कर्करोगाच्या रुग्णात ती गाठीतून आली असणार असं आम्ही धरतो. निरोगी माणसाच्या रक्तात ती असू नये.

माझ्यात होती.

एक चाळणीच्या कडेला, एकटीच. मग मध्याच्या जरा वर दोन, एकमेकींना चिकटून. हिरव्यागार, पाठ्यपुस्तकात छापाव्यात अशा. लाल रंगासाठी फिल्टरची काच बदलून पाहिलं, तर त्या जागी नुसता काळोख. माझ्या मनात पहिला विचार काय आला ते खरं सांगते. वाटलं, काय छान रंग घेतलाय! दुसरा विचार आला, हे रक्त माझं आहे.

माझ्या आईला छातीत गाठ होती. मी बारावीला होते, आम्ही इचलकरंजीला. वडील यंत्रमागावर. मामा, काका, वडील आणि डॉक्टर, चार पुरुषांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं की तिला सांगायचं नाही. तिला सांगितलं उष्णतेची गाठ आहे, बसून जाईल. मिरजेला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला न्यायचे तेव्हाही ती उष्णताच होती. आई सब्जा भिजवून प्यायची, रोज, न चुकता, कारण सब्जा थंड. ती गेली तेव्हा ओट्यावर वाटीत सब्जा फुगलेला होता. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेलं पहिलं माणूस मी. जीवशास्त्रच का घेतलं असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी काहीतरी भारदस्त बोलले होते. खरं कारण ती वाटी होती.

तर मी फोटो छापून सरांच्या खोलीत गेले.

सर मूळचे पुण्याचे, अर्धं आयुष्य लखनौत गेलेले. त्यांच्या बोलण्यात दोन्हीकडचा मऊपणा आहे. ते नाही म्हणतात तेव्हाही माणूस आभार मानून बाहेर पडतो. या प्रकल्पात मी दिवाळीत आले. त्याआधी सगळं त्यांनीच उभं केलेलं, तेही खस्ता खाऊन, हे मला मान्य आहे.

त्यांनी फोटो खिडकीकडे धरला. "हं. कंट्रोल गेला म्हणायचा."

"सर, कंट्रोल मी आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरेरे. मग तर मुळीच डोक्यात घेऊ नकोस. आर्टिफॅक्ट असणार काहीतरी, नुसता भास. हा टाकून दे. दुसऱ्या कोणाचं तरी घेऊ."

"कसला आर्टिफॅक्ट?"

"असतं गं काहीतरी."

"सर, रुग्णाच्या रक्तात दिसली तर पेशी, आणि माझ्या रक्तात दिसली तर असतं काहीतरी?"

"हे बघ, पुढच्या महिन्यात मला हे सगळ्यांपुढे मांडायचंय. एका कंट्रोलपायी..."

"मी यायच्या आधी किती गेले असे?"

त्यांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणजे गेले होते. वाईट कंट्रोल बाजूला काढत गेलं की उरलेले सगळे चांगलेच दिसणार. ह्याला काही डॉक्टरेट लागत नाही.

"मी टाकणार नाही," मी म्हणाले. "एकतर मला कॅन्सर आहे, नाहीतर आपल्या पद्धतीत खोट आहे. दोन्हीपैकी काय ते मला कळायला हवं. केराच्या डब्यात टाकून दोन्ही कळणार नाही."

माझा आवाज मोठा आहे. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलून चालत नाही, ऐकूच जात नाही कोणाला. 'ज़रा आहिस्ता, मैडम' हे मला या शहरात ई-रिक्षावाल्यापासून आमच्या संचालकांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे. त्या दिवशी दारातून दोन डोकी आत डोकावली आणि लगेच मागे झाली.

लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या घरी आले तेव्हा नवरा जवळच्या कपूरथला बाजारातून भाजी घेऊन नुकताच पोचला होता. तो बँकेत आहे, अमरावतीचा. तो भाजी निवडायला बसला, मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. त्याच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"कोणाले सांगितलं तू?"

"सरांना."

"अजून कोणाले सांगू नको आता. माझ्या मायले तर अजिबात नको. पहिले पक्कं होऊ दे. समजा तसं काही असलं..."

"तसं म्हणजे कसं?"

"तेच ते."

"शब्द बोल."

"काऊन? बोलल्यानं काय होते?"

"न बोलल्यानं काय होतं ते मी पाहिलंय. बोल."

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ करून नळाला सांगावं तसं म्हणाला, "कॅन्सर." मग वळला. डोळे लाल. "झालं समाधान? आता जेवशील का बाप्पा?"

मला हसू फुटलं आणि मग थांबेचना, आणि त्यात थोडं रडूही मिसळलं. मेथी त्या दिवशी निवडली गेली नाही. आम्ही खिचडी खाल्ली.

आईची हकीकत असल्यामुळे तपासणी मला टाळायची नव्हतीच. दुसऱ्याच दिवशी मॅमोग्राफीला गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "मरीज़ कहाँ हैं?"

"मैं हूँ."

"अच्छा. तो साथ में जो हैं, उन्हें भेजिए."

"साथ में जो हैं, उनका कुछ नहीं निकालना है. मेरा निकालना है."

बाकावर शेजारी बसलेल्या दोघी बायकांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, कळलं नाही. त्या आपसात 'वो वाली बीमारी' म्हणत होत्या. माझ्या गावातही असंच म्हणतात, 'तो आजार'. सगळ्या हिंदुस्थानात या रोगाचं नाव काही असलं तरी ते सर्वनामच असतं.

फिल्म बघून झाल्यावर डॉक्टर माझ्या नवऱ्याकडे वळले. "देखिए भाईसाहब, अभी तो..."

"डॉक्टर साहब, इधर देखिए," मी म्हणाले. "छाती मेरी है."

तरुण होते बिचारे. खुर्ची फिरवली आणि मग मात्र नीट सांगितलं. गाठ दिसत नाही. हाताला लागत नाही. सोनोग्राफीतही काही नाही. मी त्यांना माझ्या रक्तातल्या पेशींचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मैडम, इलाज में हम इस टेस्ट पर अभी चलते नहीं. पर आपने दिखा दिया, तो अब ये भी नहीं कह सकता कि भूल जाइए." शरीर पुष्कळ मोठं आहे, पेशी कुठूनही आली असेल. तीन महिन्यांनी परत या, आणि तोवर काही वाटलं तर आधी.

म्हणजे काहीच संपलं नव्हतं. छाती साफ, आणि रक्त म्हणतंय नाही. बाहेर नवऱ्याने हुश्श केलं, रसवाल्याकडे नेलं, दोन ग्लास मोसंबीचा रस सांगितला. मी प्यायले. पण मी त्या हुश्शमध्ये सामील झाले नाही. ज्या चाचणीवर आम्ही उद्या रुग्णांना विश्वास ठेवा म्हणणार आहोत, ती माझ्यावर आली की खोटी, असं मला म्हणता येत नव्हतं. आणि ती खरी असेल तर माझ्या अंगात कुठेतरी काहीतरी आहे.

वडिलांना फोन केला. नवऱ्याचं न ऐकता.

"आवाज का असा?" पलीकडून माग चालूच होते.

"आप्पा, माझ्या रक्तात कॅन्सरच्या असतात तसल्या पेशी दिसल्यात. नक्की काय ते अजून कळलं नाही. तपासतोय."

मागांचा आवाज कमी झाला. ते बाहेर आले असावेत.

"कळलं की मला सांगायचं," ते म्हणाले. "जे आसंल ते. गोड करून सांगू नगंस."

"हो."

"तुझ्या आईनं मला एकदा इचारलं हुतं. थेट. म्हनली, त्योच हाय न्हवं? मी म्हटलं, खुळी का काय तू. परत इचारलं न्हाई तिनं."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तिला कळलंच नाही. तिने विचारलं होतं. विचारून, उत्तर न मिळता, ती सब्जा पीत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी जाहीर केलं की माझं रक्त परत काढायचं, आणि या वेळी सुईपासून चाळणीपर्यंत प्रत्येक पायरी मी स्वतः उभी राहून बघणार. सर म्हणाले, "बघ बाई, तुझं समाधान होत असेल तर." ह्या 'बाई'त काय काय असतं ते मराठी माणसाला सांगायला नको.

चाळणीचं काम आमच्याकडे एक मुलगी बघते. मराठीच, पण आजोबा रेल्वेत लागून इकडे आले, तेव्हापासून तिचं घर लखनौचं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. मी मराठीत बोलायचं, तिने हिंदीत, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. हात तिचा फार साफ. तिच्या चाळणीवर कधी बुडबुडा राहिलेला मी पाहिला नाही.

सिस्टरने माझ्या दंडातून एका सुईने लागोपाठ दोन नळ्या भरल्या. एक आणि दोन असे आकडे घातले. रुग्णांचंही असंच घेतात. मुलीने दोन्ही नळ्या उचलल्या, मी मागोमाग. दोन नंबरची तिने शीतकपाटात ठेवली आणि एक नंबरची घेऊन यंत्राकडे निघाली.

"अगं, ती कुठं नेतेस?"

"डालने, दीदी."

"पहिली?"

"हाँ, पहली ही तो डालते हैं. दूसरी रखते हैं."

"कोणी सांगितलं?"

"सर ने. मेरे पहले दिन. मराठी में बोले थे, इसलिए तो याद है." आणि तिने पाठ म्हणून दाखवावं तसं, अगदी सरांच्या सुरात, म्हटलं, "'पहिली टाक, दुसरी ठेव.'"

मी तिथेच स्टुलावर बसले.

आपण मराठी माणसं 'टाक' म्हणतो आणि दोन उलट कामं करून घेतो. भाजीत मीठ टाक. केर टाक. मीठ आत जातं, केर बाहेर जातो, आणि आपल्याला कधी प्रश्न पडत नाही, कारण मीठ आणि केर यांतला फरक आपल्याला आधीच माहीत असतो. सरांना माहीत होतं पहिली नळी म्हणजे केर. या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरात आई म्हणते, मशीनमध्ये कपडे टाक, चहात साखर टाक. फेकायचं असलं की त्या घरात 'फेंक' येतं. तिने ऐकलं: पहली डाल, दूसरी रख. इतकं सरळ वाक्य. दोन्ही अर्थांनी पूर्ण. आमच्या लिखित पद्धतीत रक्त लॅबमध्ये आल्यानंतरचं सगळं होतं. नळ्यांचं हे एवढं एक तोंडी होतं.

आता पहिली नळी केर का? सुई शिरेत पोचण्याआधी कातडीतून जाते. जाताना कातडीच्या चार पेशी तिच्या पोकळीत अडकतात आणि पहिल्या रक्ताबरोबर नळीत उतरतात. कातडी हेसुद्धा अस्तरच. तेच प्रथिन. निळा गाभा, हिरवं अंग, लाल नाही. म्हणून पहिलं रक्त त्या चाचणीसाठी वापरायचं नाही, ही या कामातली साधी रीत आहे. सरांना ती येत होती. त्यांनी ती सांगितलीही होती. मराठीत.

मुलीचा चेहरा उतरला. "दीदी, मतलब... सारे मरीज़ों का भी?"

"सगळ्यांचं."

"मेरी तो नौकरी गई."

"रडू नकोस. ही व्याकरणाची चूक आहे आणि ती तुझी नाही. चल, डाल."

"कौन सी?"

"दोन्ही. वेगवेगळ्या चाळण्यांवर."

मी सुटले असं कोणाला वाटेल. नाही. तोवर ती फक्त मला हवीहवीशी वाटणारी एक कल्पना होती, आणि हवीहवीशी कल्पना सगळ्यात जास्त फसवते. पहिल्या नळीत कातडी येते हे खरं. म्हणून माझ्यातल्या त्या तीन पेशी कातडीच्याच होत्या हे सिद्ध होत नव्हतं. रंग चढेपर्यंत मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घातल्या. खाली माळी पाइपने रस्ता भिजवत होता, गवत सोडून.

पहिली चाळण. एक हिरवी. परत आली होती ती.

दुसरी चाळण. मी एका कडेने सुरुवात केली आणि शेतात कोळपणी करावी तशी ओळीने सरकत गेले. निळे गाभे, लाल रंगलेल्या पांढऱ्या पेशी, मधे एक धुळीचा कण जो क्षणभर हिरवा वाटला. बाकी काही नाही. परत पहिल्यापासून बघितलं. मग उठून मुलीला बसवलं. तिने बघितलं. "कुछ नहीं है, दीदी. साफ़ है."

कुठल्याही चाचणीत काही न सापडणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे मी जाणते. तीन महिन्यांनी मी परत जाणारच होते. पण आता माझ्याकडे उत्तर होतं, जेवढं या शास्त्राला देता येतं तेवढं, आणि ते कोणी गोड करून दिलेलं नव्हतं. आप्पांना फोन केला. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि फोन न ठेवताच मागाकडे गेले. मी थोडा वेळ तो खडखडाट ऐकत बसले.

सरांना एका कंट्रोलवर पटणार नव्हतं. मला अपेक्षाच नव्हती. मीच म्हणाले, "लॅबमधल्या सगळ्यांचं घेऊ. दोन-दोन नळ्या. तुमच्यापासून सुरुवात."

"माझं कशाला?"

"धडधाकट माणूस हवाय, सर."

मुलगी तोंड फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागली. सरांनी बाही वर केली.

त्यांच्या पहिल्या चाळणीवर एक हिरवी निघाली. मी त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, आणि काही न बोलता बाजूला झाले. ते मायक्रोस्कोपला डोळे लावून बराच वेळ बसले. भिंगाचं चाक उगीच मागे-पुढे करत होते.

"ही माझी?"

"तुमचीच. आर्टिफॅक्ट असेल, सर. टाकून देऊ?"

मी असं बोलायला नको होतं म्हणतात. नवराही म्हणाला. मी तरी बोलले, आणि परत वेळ आली तरी बोलेन.

"आणि समजा..." सर डोळे न उचलताच म्हणाले. "समजा कातडीची नसली तर?"

"तर काय वाटतं ते आता तुम्हाला कळलं. दुसरी चाळण तयार आहे. बघा."

दुसरी साफ होती. बाकीच्यांपैकी काहींच्या पहिल्या नळीत पेशी निघाल्या, काहींच्या नाही. दुसऱ्या सगळ्या साफ. सरांनी ते सगळं स्वतः बघितलं, कोणावर सोपवलं नाही. मग म्हणाले, रुग्णांचं सगळं बाद करायचं. ठेवलेल्या दुसऱ्या नळ्या एव्हाना शिळ्या होऊन निकामी झालेल्या. ज्यांचं जमेल त्यांचं परत घ्यायचं. सादरीकरण त्यांनी स्वतः रद्द केलं. माणूस वाईट नाही, वाईट आहे असं मी आधीही म्हटलं नव्हतं.

दोन गोष्टींवर मात्र आमचं भांडण झालं. त्या मुलीला दुसऱ्या कामावर टाकावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणाले, टाकावं म्हणजे कुठलं टाकावं, ते आधी सांगा. ती राहिली. दुसरी गोष्ट अवघड होती. रुग्णांना काय सांगायचं? सर म्हणाले, मशीन बिघडलं होतं म्हणायचं. "लोकांचा विश्वास उडेल गं. त्यांना आधीच काय कमी काळज्या आहेत?"

"मशीन बिघडलं नव्हतं."

"ते त्यांना समजणार आहे का?"

"माझ्या आईबद्दल असंच म्हणाले होते सगळे."

आईबद्दल मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं, आणि तेव्हाही याहून जास्त सांगितलं नाही. सर म्हणाले, "वॉर्डात मी बरोबर येतो. तू बोल."

पहिली रुग्ण बाराबंकीकडची होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. उशाशी दीर बसलेला. आम्ही दोघं, सिस्टर आणि नळ्यांचा ट्रे बघून तोच उठला.

"फिर से ख़ून? पहले वाले का क्या हुआ?"

मी त्या बाईकडे बघून बोलले. म्हटलं, पहिलं रक्त आम्ही चुकीचं वापरलं. सुईबरोबर कातडीच्या पेशी येतात, त्या आम्ही वेगळ्या केल्या नाहीत. मशीन ठीक होतं, चूक आमची होती. हवं तर परत देऊ नका, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.

दीर माझ्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मैडम, भौजी के सामने इतना सब मत बोलिए. घबरा जाएँगी."

"घबराए तो तुम हो," ती बाई गादीवरून म्हणाली. "हमको सब पता है. कैंसर है. तुम लोगों से बोला नहीं जाता."

दीर खाली बघायला लागला. माझ्या मागे सर उभे होते.

ती उठून बसली, उशी मागे सारली. "तो पहले जो आप लोगों को दिखा था, वो मेरा कैंसर था कि मेरी चमड़ी?"

"पता नहीं," मी म्हणाले. "इसीलिए आए हैं."

तिने बाही वर केली आणि हात सिस्टरपुढे धरला. सुई जाताना तिने बघितलं, डोळे मिटले नाहीत.

"पता कीजिए," ती म्हणाली. "और जो निकले, मुझे बताइएगा. इनको नहीं."